मार्शल बेटे आणि अमेरिका: मदत म्हणायची की भाडं?

सदस्य ‘तळटीप’ (मूळ लेख)

प्रशांत महासागरातल्या छोट्या देशांच्या बातम्या आपल्याकडे एकाच चालीवर येतात. चीनने इतके दिले, अमेरिकेने तितके दिले, बेटवाले खूश. करारात लिहिलंय काय हे कुणी उघडून सांगत नाही. म्हणून एकच देश घेऊन हा धागा काढतोय: मार्शल बेटे.

जमीन सगळी मिळून १८१ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाही. ती २९ प्रवाळवलयांत आणि ५ सुट्या बेटांत विखुरलेली. हक्काचा समुद्र मात्र २० लाख चौ. किमीच्या आसपास. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ४२,४१८ भरली; २०११ मध्ये ती ५३,१५८ होती. दहा वर्षांत पाचातला एक माणूस कमी झाला. तो कुठे गेला, त्याचं उत्तरही याच करारात आहे.

थोडी पार्श्वभूमी. १९४४ मध्ये अमेरिकेने ही बेटं जपानकडून जिंकली. १९४७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त प्रदेशाचा कारभार अमेरिकेकडे आला. १९८६ मध्ये ‘मुक्त सहबंध करार’ लागू झाला, इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘कोफा’ म्हणतात. शेजारच्या मायक्रोनेशिया देशाचा करारही त्याच वर्षीचा, पलाऊ या तिसऱ्या देशाचा १९९४ चा. मार्शल स्वतंत्र देश आहे, १९९१ पासून संयुक्त राष्ट्रांचा सदस्य आहे. चलन मात्र अमेरिकी डॉलर, मध्यवर्ती बँक नाही, संरक्षण अमेरिकेकडे.

देवाणघेवाण अशी. अमेरिकेला मिळतं: (१) बेटांच्या संरक्षणाची पूर्ण सत्ता, (२) तिसऱ्या कुठल्याही देशाच्या सैन्याला इथे पाय ठेवू न देण्याचा हक्क, (३) क्वाजालिनचा क्षेपणास्त्र चाचणी तळ. मार्शलला मिळतं: ठरावीक वर्षांचं अनुदान, टपाल-हवामान-विमानवाहतुकीसारख्या सेवा, आणि नागरिकांना व्हिसाशिवाय अमेरिकेत राहण्या-कमावण्याची मुभा.

आता खरी गोम. यातले अमेरिकेचे पहिले दोन हक्क बिनमुदत आहेत. सुरक्षेचा भाग वेगळ्या करारात बांधलेला आहे आणि दोघांच्या संमतीशिवाय तो सुटत नाही. उद्या मार्शलने सार्वमत घेऊन कोफा मोडला तरी तो हक्क उरतो. अनुदान मात्र मुदतीचं. १९८६ पासून पहिला टप्पा, मग २००४ ते २०२३, आणि आता मार्च २०२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेली पुढची २० वर्षं. म्हणजे घरमालकाने घर कायमचं दिलंय आणि भाडं ठरवायला दर वीस वर्षांनी भाडेकरूच्या दारात जाऊन बसायचं.

२०२४ च्या कायद्यात तिन्ही देशांना मिळून ७.१ अब्ज डॉलर. त्यातले मायक्रोनेशियाला ३.३ अब्ज, मार्शलला २.३ अब्ज, पलाऊला ८८.९ कोटी. ६३.४ कोटी थेट अमेरिकी टपालखात्याला, या बेटांची टपालसेवा चालवण्याचे.

चर्चा करू. आकडे चुकले असतील तर दाखवा.

---

रोजकीर्द

लेख नेमका आहे. पैशाच्या बाजूची भर घालतो, कारण २.३ अब्ज हा आकडा ऐकून डोळे दिपतात.

२००४ ते २०२३ चा टप्पा असा बसवला होता: दरवर्षी अनुदानातून ५ लाख डॉलर कमी करायचे आणि तेवढेच ट्रस्ट फंडात जास्त टाकायचे. पहिल्या वर्षी ट्रस्ट फंडातली अमेरिकेची भर ७० लाख होती. कल्पना अशी की २०२३ नंतर अनुदान बंद होईल आणि फंडाच्या परताव्यावर देश चालेल.

महागाईची भरपाई पूर्ण नव्हती. अमेरिकी महागाईच्या दोन तृतीयांश, तीही जास्तीत जास्त ५ टक्के. हिशेब करून पाहा. महागाई ३ टक्के धरली तर अनुदान २ टक्क्यांनी वाढतं. वीस वर्षांत त्याची खरी किंमत साधारण १८ टक्के घसरते. वरून ती पाच लाखांची वार्षिक कात्री वेगळीच.

ट्रस्ट फंडात तीन खाती. ‘अ’ खात्यात मूळ मुद्दल, त्याला हात लावायचा नाही. ‘ब’ खात्यात मागच्या वर्षीचा परतावा, वाटायचा तो इथूनच. ‘क’ खातं म्हणजे गाळा भरून ठेवलेलं धान्य: परतावा ६ टक्क्यांच्या वर गेला तर वरकड इथे. गोंधळ इथेच आहे. बाजार एखाद्या वर्षी पडला तर ‘ब’ रिकामं, आणि आधी फार वाढलेला नसेल तर ‘क’ही रिकामं. मग मुद्दल कोट्यवधींचं असूनही त्या वर्षी शाळा-दवाखान्याला शून्य. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी हा इशारा मुदत संपण्याच्या कितीतरी आधी दिला होता. २०२३ च्या वाटाघाटीत मार्शलने ट्रस्ट फंडासाठीच ७० कोटी मागून घेतले ते उगाच नाही.

आणि अनुदान म्हणजे चेक हातात दिला असं नव्हे. आधी क्षेत्रं ठरलेली: शिक्षण, आरोग्य, पायाभूत सुविधा वगैरे. २००४ ते २०२३ मध्ये वाटप पाच सदस्यांच्या एका संयुक्त समितीकडे होतं. तीन अमेरिकेचे, दोन मार्शलचे. मतदानाचा निकाल काय लागणार ते सांगायला नको.

---

कुतूहल_कोल्हापूर

त्या समितीला नकार देता येतो का मार्शलला? आणि २०२३ मध्ये मुदत संपली तेव्हा पगार कशातून झाले?

---

तळटीप

नकार देता येतो, पण मग त्या क्षेत्राचा पैसा अडकतो. नाक दाबलं की तोंड उघडतं, त्यातला प्रकार.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. पलाऊ आणि मायक्रोनेशियाने मे २०२३ मध्येच सह्या केल्या. मार्शलने १६ ऑक्टोबर २०२३ ला केली, म्हणजे जुना टप्पा संपून पंधरवडा उलटल्यावर. त्यानंतरही काँग्रेसची मंजुरी यायला मार्च उजाडला. मधले पाच महिने अमेरिकी काँग्रेसच्या तात्पुरत्या खर्च-ठरावांवर गाडं ढकललं.

अडलं कुठे? अणुचाचण्यांच्या भरपाईवर. अमेरिका ‘भरपाई’ हा शब्द कागदावर येऊ द्यायला तयार नव्हती. शेवटी ‘असाधारण गरजा’ असा शब्द निघाला.

---

भरती-ओहोटी

अणुचाचण्यांचा विषय निघालाच आहे तर नीट मांडतो, कारण आर्थिक संबंधांचं मूळ तिथेच आहे.

१९४६ ते १९५८ या काळात बिकिनी आणि एनेवेटाक या प्रवाळवलयांवर ६७ चाचण्या. १ मार्च १९५४ ची ‘ब्राव्हो’ सर्वांत मोठी. अंदाज ६ मेगाटनांचा होता, निघाले १५. बॉम्बच्या इंधनातलं लिथियम-७ निष्क्रिय राहील असं गृहीत धरलं होतं, ते राहिलं नाही. वारा पूर्वेकडे होता. रोंगेलापवर ६४ माणसं होती, शेजारच्या ऐलिंगिनाएवर १८. पांढरी भुकटी अंगावर पडली. दोन दिवसांहून जास्त काळ ती माणसं तिथेच होती, मग हलवली. १९५७ मध्ये ‘सुरक्षित आहे’ म्हणून परत नेलं आणि १९८५ मध्ये ती आपणहून बेट सोडून गेली.

आता पैसा. कोफाच्या १७७ व्या कलमाखाली १५ कोटी डॉलरचा निधी दिला आणि त्या बदल्यात मागचे, आताचे, पुढचे सगळे दावे मिटले असं लिहून घेतलं. दावे तपासायला न्यायाधिकरण नेमलं. त्याने प्रामाणिकपणे काम केलं हीच अडचण झाली. एनेवेटाकला ३२.५ कोटी, बिकिनीला ५६.३ कोटी, रोंगेलापला १ अब्जाच्या वर असे निवाडे दिले. एकूण रक्कम २ अब्जांच्या वर गेली, तिजोरीत होते १५ कोटी. बिकिनीच्या वाट्याला निवाड्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आलं. करारात एक खिडकी होती: ‘परिस्थिती बदलली’ असं दाखवून काँग्रेसकडे अर्ज करायचा. तो २००० मध्ये केला. बुश सरकारने म्हटलं, परिस्थिती बदललेली नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रकरण ऐकायला नकार दिला.

एनेवेटाकमधल्या रुनिट बेटावरचा घुमट हे याचं डोळ्यांना दिसणारं रूप. १९७७ ते ८० दरम्यान सुमारे ७३,००० घनमीटर दूषित माती एका चाचणीच्याच खड्ड्यात भरली आणि वर काँक्रीटच्या साडेतीनशेहून जास्त लाद्या बसवल्या, प्रत्येकी सुमारे ४६ सेंटिमीटर जाड. खड्ड्याच्या तळाला अस्तर मात्र घातलं नाही. तळ म्हणजे सच्छिद्र प्रवाळ, भरतीचं पाणी खालून आत-बाहेर करतं. घुमटाला वरून भेगा पडल्याचे फोटो फिरतात, पण खरा प्रश्न खालचा आहे.

---

कलमदान

> बिकिनीच्या वाट्याला अर्ध्या टक्क्याहूनही कमी

हे त्या निवाड्यापुरतं बरोबर. पण काँग्रेसने बिकिनीला पुनर्वसनासाठी वेगळा निधीही दिला होता, तो सांगायला हवा. आणि त्याचं पुढे काय झालं तेही. त्यातून किती काढायचे यावर अमेरिकी गृहखात्याची नजर असे. (आपल्या गृहखात्यासारखं पोलिसांचं नव्हे, जमीन-प्रदेश बघणारं खातं.) २०१७ मध्ये ‘स्थानिकांचा पैसा, स्थानिकांचा निर्णय’ म्हणून ही नजर काढून घेतली. तेव्हा शिल्लक सुमारे ५.९ कोटी डॉलर होती. २०२३ उजाडेपर्यंत ती लाखभरावर आली आणि विस्थापित कुटुंबांचे हप्ते बंद पडले.

दोन्ही बाजूंनी धडे घेणारे घेतात. अमेरिकेतले म्हणतात, बघा, लगाम सोडला की असं होतं. माझं मत वेगळं. लगाम सोडताना सोबत वार्षिक मर्यादा आणि स्वतंत्र लेखापरीक्षण ठेवता आलं असतं. सगळं किंवा काहीच नाही अशी निवड करायची गरज नव्हती.

---

सुकाणू

क्वाजालिनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मूळ भाडं ते हेच.

हे जगातल्या मोठ्या प्रवाळवलयांपैकी एक, मधलं खारं तळं २,००० चौ. किमीच्या वर. कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गहून उडवलेलं बिनअस्त्राचं मिनिटमन-३ क्षेपणास्त्र सुमारे ६,७०० किमी पार करून अर्ध्या तासात इथे येतं. आजूबाजूच्या बेटांवरची रडारं ते कुठे आणि कसं पडलं हे मोजतात. उथळ तळ्यात पडलेले तुकडे शोधून काढता येतात, खोल समुद्रात ते जमत नाही. म्हणून ही जागा दुसरीकडे हलवणं सोपं नाही, आणि मार्शलच्या हातातला हुकमी पत्ता तोच आहे.

तळासाठी ११ बेटं घेतलेली आहेत. २००३ च्या करारात भाडं वर्षाला १.५ कोटी डॉलर, २०१४ पासून १.८ कोटी, वर महागाई-समायोजन. मुदत २०६६ पर्यंत, अमेरिकेला हवं असेल तर २०८६ पर्यंत.

घोळ असा की करार केला सरकारने, जमीन मात्र सरकारची नाही. मार्शलमध्ये जमिनीत तीन हक्कदार असतात: इरोज म्हणजे सरदार, आलाप म्हणजे कुळाचा मुख्य, रिजेरबाल म्हणजे कसणारा. आपल्याकडच्या सातबाऱ्यावर मालक, कूळ आणि इतर हक्क एकत्र बघितल्यासारखं. त्यांनी सांगितलं, आम्हाला हे भाडं आणि ही मुदत मान्य नाही. जमीनधारकांचा आपल्या सरकारशी करार होईपर्यंत भाड्यातली वाढीव रक्कम एस्क्रो खात्यात (वाद मिटेपर्यंत राखून ठेवायच्या खात्यात) पडून राहिली. सही झाली मे २०११ मध्ये. त्याआधी १९८२ मध्ये याच जमीनधारकांनी होड्यांनी येऊन तळाच्या बेटांवर चार महिने मुक्काम ठोकला होता.

तळावर काम करणारे मार्शली लोक शेजारच्या ईबाय बेटावर राहतात आणि रोज फेरीने ये-जा करतात. ईबायचं क्षेत्र ८० एकरांच्या आसपास आणि माणसं आठ-दहा हजार. तळावर गोल्फचं मैदान आहे. पुढचं ज्याचं त्याने समजून घ्यावं.

---

कुतूहल_कोल्हापूर

व्हिसाशिवाय अमेरिका हे ऐकून तोंडाला पाणी सुटलं. म्हणजे ग्रीन कार्डच की!

---

कलमदान

नाही हो, तिथेच लोक फसतात. मुद्दे नीट लक्षात घ्या.

मार्शलचा पासपोर्ट दाखवून प्रवेश मिळतो आणि आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत वर्ग लिहिला जातो ‘सीएफए/आरएमआय’, मुदतीच्या जागी ‘डी/एस’, म्हणजे ठरावीक शेवटची तारीख नाही. मालकाला नोकरीसाठी एवढे दोन कागद पुरतात: वैध पासपोर्ट आणि ती नोंद. वेगळं वर्क परमिट घ्यायची सक्ती नाही, पण काही मालकांना कोफा ठाऊकच नसतो म्हणून बरेच जण काढून ठेवतात.

बिघडतं ते विमानतळावर. अधिकाऱ्याने ‘कशासाठी आलात’ विचारलं आणि माणूस ‘नातेवाइकांना भेटायला’ म्हणाला तर नोंद पर्यटकाची होऊ शकते. मग काम करणं बेकायदा. म्हणून बाहेर पडण्याआधी, नाहीतर त्याच दिवशी ऑनलाइन आय-९४ काढून वर्ग तपासायचा. चुकला असेल तर सीमाशुल्क खात्याच्या दुरुस्ती कचेरीत जायचं.

दुसरं, हा ‘बिगर-स्थलांतरित’ दर्जा आहे. वीस वर्षं राहिलात तरी नागरिकत्वाच्या घड्याळात एक मिनिट जमा होत नाही. गुन्हा घडला तर हद्दपारी होऊ शकते. अमेरिकेत जन्मलेलं मूल मात्र अमेरिकी नागरिक. अमेरिकी सैन्यात भरती होता येते आणि या बेटांवरची मुलं मोठ्या संख्येने होतात.

तिसरं, पैसे देऊन पासपोर्ट घेतलेल्यांना हा दरवाजा बंद. पूर्वी मार्शलने पासपोर्ट विकले होते, त्यामुळे २००३ मध्ये ही फट बुजवली. दत्तक देण्यासाठी नेल्या जाणाऱ्या मुलांनाही कोफाखाली प्रवेश नाही, कारण गरोदर बायकांना आणून बाळं दत्तक देण्याचा धंदाच चालला होता.

आरोग्याचा किस्सा तर कायदा कसा नकळत चिरडतो याचा नमुना. १९९६ च्या कल्याण-कायद्यात ‘पात्र परदेशी’ची व्याख्या बदलली आणि कोफावाले मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून बाहेर पडले. कर भरतात, पण दवाखान्याची मदत नाही. मधुमेहाचं प्रमाण प्रचंड असलेल्या समाजाला २०२० च्या डिसेंबरपर्यंत वाट बघावी लागली. अन्न-मदत २०२४ च्या कायद्याने परत आली.

सर्वांत मोठी वस्ती आर्कान्सातल्या स्प्रिंगडेल भागात, कोंबडीप्रक्रिया कारखान्यांच्या आसपास. तिथे मार्शलचा वाणिज्य दूतावासही आहे.

---

दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीतल्या मराठी पोरांना हा देश नकाशावर दाखवता येणार नाही, पण जहाजाच्या मागच्या बाजूला ‘माजुरो’ हे मार्शलच्या राजधानीचं नाव लिहिलेलं त्यांनी शंभरदा पाहिलेलं असतं. टनांच्या हिशेबात मार्शलचा झेंडा जगातल्या पहिल्या तीनांत आहे. ‘डीपवॉटर होरायझन’ हा २०१० मध्ये पेटलेला तेलफलाटसुद्धा याच झेंड्याचा. नोंदणीचं काम माजुरोत नाही, वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियातल्या रेस्टनमधून एक खासगी कंपनी बघते. सरकारला हिस्सा मिळतो.

या झेंड्यावर जाणाऱ्यांसाठी: मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचं सक्षमता प्रमाणपत्र पुरत नाही, त्यावर मार्शलचं एन्डॉर्समेंट लागतं. ते यायच्या आत चढायचं असेल तर अर्ज पोहोचल्याची पावती तीन महिने चालते. ती तारीख जहाजावर असतानाच संपते आणि बंदरातल्या तपासणीत जहाज अडकतं, ही नेहमीची चूक.

आता धाग्याशी संबंध. करारात अमेरिकेने ‘मार्शल बेटे आणि तिथले लोक’ यांच्या संरक्षणाची हमी दिली आहे. झेंडा लावलेल्या जहाजांचं काय? २०१५ मध्ये इराणने ‘मर्स्क टायग्रिस’ पकडलं तेव्हा यावर पेंटागॉनमध्येच काथ्याकूट झाला. २०२३ च्या एप्रिलमध्ये ‘अॅडव्हान्टेज स्वीट’ पकडलं, त्यावरचे खलाशी भारतीय होते. मार्शलचा झेंडा म्हणजे अमेरिकेची नौदल छत्री असं कुणी एजंट सांगत असेल तर हसून सोडून द्या.

---

रोजकीर्द

दर्यावर्दी, उत्तम भर. मासेमारीचंही दोन ओळीत सांगतो, कारण अमेरिकेवर न अवलंबणारा खिसा तोच. ट्यूनासाठी आठ देशांचा ‘नाउरू करार’ गट आहे, कचेरी माजुरोतच. ते मासे विकत नाहीत, ‘जहाज-दिवस’ विकतात. किमान दर दिवसाला ८,००० डॉलर. ५० मीटरपेक्षा लहान जहाजाला अर्धा दिवस मोजतात, ८० मीटरच्या वर दीड. एकेकटे होते तेव्हा परदेशी ताफे दर पाडून घेत. एकत्र आल्यावर उत्पन्न कैक पटींनी वाढलं.

---

भरती-ओहोटी

आणि कुणाला वाटत असेल की हा देश अमेरिकेच्या ताटाखालचं मांजर, त्यांनी २०१४ आठवावं. मार्शलने नऊ अण्वस्त्रधारी देशांवर आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावे ठोकले. न्यायालयाचं सक्तीचं अधिकारक्षेत्र मानणारे तिघेच होते: ब्रिटन, पाकिस्तान आणि आपण. ५ ऑक्टोबर २०१६ ला भारताविरुद्धचा दावा ९ विरुद्ध ७ मतांनी फेटाळला, ‘वाद अस्तित्वातच नव्हता’ या कारणावर. अमेरिकेवर त्यांनी तिच्याच फेडरल कोर्टात वेगळा दावा लावला, तोही फेटाळला गेला. उलट २०१७ च्या डिसेंबरात जेरुसलेमच्या ठरावावर अमेरिकेच्या बाजूने मत देणाऱ्या मोजक्या देशांत मार्शल होता. तैवानला १९९८ पासून मान्यता आहे, ती टिकलेली आहे. म्हणजे जिथे स्वतःचं दुखणं आहे तिथे भांडतात, बाकी ठिकाणी हात वर करतात.

---

कुतूहल_कोल्हापूर

शेवटचा बाळबोध प्रश्न. टपालखात्याला ६३.४ कोटी कशाला? पत्रं कोण लिहितं आता?

---

तळटीप

पत्रं नव्हे, पार्सलं. औषधं, यंत्रांचे सुटे भाग, शाळेची पुस्तकं. माजुरोला अमेरिकी देशांतर्गत दराने पार्सल जातं, कुरिअर कंपन्या तेच परदेशी दराने नेतात. देशांतर्गत दर असला तरी वस्तू असेल तर सीमाशुल्काचा फॉर्म लागतो, तो विसरला की पार्सल परत. माजुरोचा पिन ९६९६०, ईबायचा ९६९७०. आणि पत्त्यात राज्याच्या जागी जो दोन अक्षरी कोड लिहायचा तो आहे ‘एमएच’. पुण्याच्या स्कूटरवर असतो तोच.